घरगुती चित्रीकरणासाठी कॅमकॉर्डरची सेटिंग्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलचे कॅमेरे कितीही सुधारले, तरी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक घरांत लग्न, बारसे, गावची यात्रा किंवा शाळेचे स्नेहसंमेलन आले की कपाटातला कॅमकॉर्डर बाहेर निघतोच. लांबवर पोहोचणारा झूम, न थांबता तासभर चित्रीकरण करण्याची क्षमता आणि हातात घट्ट बसणारी पकड ही त्यामागची कारणे आहेत. मात्र कॅमेरा सुरू केल्यावर मेनूत दिसणारी सांकेतिक नावे पाहून बहुतेक जण गोंधळतात आणि कारखान्यातून आलेली सेटिंग्ज तशीच ठेवतात. पुढील प्रश्न त्या गोंधळातूनच आलेले आहेत. उत्तरे देताना एक गोष्ट गृहीत धरली आहे : घरातला प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही, म्हणून निवड करताना कार्डावरच्या जागेपेक्षा त्या प्रसंगाला अधिक महत्त्व द्यावे.

मेनूत ‘एफएक्स’, ‘एफएच’, ‘एलपी’ अशी नावे दिसतात. त्यांचा अर्थ काय आणि कोणते निवडावे?

ही नावे चित्राचा आकार सांगत नाहीत. एका सेकंदाच्या चित्रासाठी कॅमेरा किती माहिती साठवणार, म्हणजेच बिटरेट किती असणार, हे ती सांगतात. सोनीच्या एव्हीसीएचडी (एचडी चित्रण साठवण्याचे एक स्वरूप) कॅमकॉर्डरमध्ये साधारणपणे ‘पीएस’ म्हणजे सेकंदाला २८ मेगाबिट, ‘एफएक्स’ म्हणजे २४, ‘एफएच’ म्हणजे सुमारे १७, ‘एचक्यू’ म्हणजे सुमारे ९ आणि ‘एलपी’ म्हणजे सुमारे ५ मेगाबिट असा क्रम असतो. कॅननमध्ये ‘एमएक्सपी’ २४ च्या आणि ‘एफएक्सपी’ १७ च्या आसपास असतो, तर पॅनासॉनिकमध्ये ‘एचए’ १७ च्या आणि ‘एचई’ ५ ते ६ च्या आसपास असतो. नावे वेगळी असली, तरी तत्त्व एकच आहे.

हा फरक कुठे दिसतो, ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. खुर्चीत बसून बोलणाऱ्या आजोबांचे चित्रण ९ मेगाबिटवर केले, तरी ते बरेचसे चांगले दिसते. कारण कॅमेरा प्रत्येक चौकट (फ्रेम) पूर्णपणे साठवत नाही. एक पूर्ण चौकट साठवून पुढच्या चौकटींत काय बदलले एवढेच तो नोंदवतो, आणि आजोबांच्या मागची भिंत तर हलत नाही. आता मंगल कार्यालयातला अक्षतांचा क्षण घ्या. ‘शुभमंगल सावधान’ म्हटल्याबरोबर शेकडो रंगीत दाणे हवेत उडतात, प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने जातो, त्याच वेळी हात वर उठलेले असतात आणि लोक पुढे सरकत असतात. आधीच्या चौकटीशी जुळणारे फारच थोडे उरते. कमी बिटरेटवर कॅमेऱ्याला एवढे सारे बदल नोंदवायला जागा पुरत नाही, आणि मग नवरा-नवरीचे चेहरे चौकोनी ठोकळ्यांत फुटल्यासारखे दिसतात. संपूर्ण लग्नात जो क्षण पुन्हा पुन्हा पाहिला जाणार आहे, नेमका तोच असा बिघडतो. कासच्या पठारावर वाऱ्याने डोलणारी फुले आणि धोम धरणातून सुटलेले फेसाळ पाणी यांच्या बाबतीतही हेच होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की उपलब्ध असलेला सर्वांत वरचा किंवा त्याच्या लगेच खालचा दर्जा निवडावा आणि ‘एलपी’ला हात लावू नये. वरच्या दर्जाचे चित्रण नंतर लहान करून नातेवाइकांना पाठवता येते. खालच्या दर्जात गमावलेला तपशील मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत येत नाही.

५०आय, ५०पी आणि २५पी यांत काय फरक आहे?

५०आय या पद्धतीत कॅमेरा सेकंदाला ५० वेळा चित्र घेतो, पण प्रत्येक वेळी निम्म्याच आडव्या रेषा घेतो; एकदा विषम क्रमांकाच्या आणि एकदा सम क्रमांकाच्या. जुन्या पिक्चर ट्यूबच्या दूरचित्रवाणी संचांना ही पद्धत सोयीची होती. आजच्या सपाट पडद्यावर किंवा संगणकावर मात्र हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसू शकतात. ५०पी पद्धतीत सेकंदाला ५० पूर्ण चौकटी घेतल्या जातात, त्यामुळे हालचाल सलग आणि कडा स्वच्छ दिसतात. २५पी मध्ये पूर्ण चौकटी असतात, पण त्या २५ च असतात; त्यामुळे कॅमेरा भरभर फिरवल्यास चित्र अडखळल्यासारखे वाटते.

एव्हीसीएचडी हे स्वरूप सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणले आणि २०११ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत १०८०/५०पी ची, म्हणजे फुल एचडीतल्या ५०पी ची, भर घातली. आपला कॅमेरा त्यानंतरचा असेल, तर मेनूत ५०पी मिळण्याची चांगली शक्यता आहे. मिळत असल्यास घरगुती कामासाठी तोच निवडावा. ५०आय साठी २४ आणि ५०पी साठी २८ मेगाबिट, म्हणजे जागेचा फरक फारसा नाही. लेझीम, कबड्डी किंवा यात्रेतला कुस्तीचा फड असेल, तर हा फरक पहिल्याच मिनिटाला जाणवतो : डाव पडताना पैलवानाचा हात कुठून कुठे गेला, ते ५०पी मध्ये स्पष्ट दिसते. शिवाय हे चित्रण नंतर २५ चौकटींच्या व्हिडिओत बसवून निम्म्या वेगाने दाखवले, तरी ते झटके न देता चालते. आपल्या कॅमेऱ्यात फक्त ५०आय असेल, तर खंत करू नये. मूळ फाइल तशीच जपावी आणि रेषा काढण्याची प्रक्रिया, म्हणजेच डीइंटरलेसिंग, संपादनाच्या वेळी करावी.

अमेरिकेतल्या भावाने आणलेल्या कॅमेऱ्याने घरात चित्रण केले की उजेड लुकलुकतो. कॅमेरा बिघडला आहे का?

बहुधा कॅमेऱ्यात काहीही बिघाड नसतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा तेजाळते आणि मंदावते. डोळ्यांना ते कळत नाही. अमेरिकेत वारंवारता ६० हर्ट्झ असल्यामुळे तिथला कॅमेरा सेकंदाला साधारण ६० चौकटी घेतो आणि त्याचा शटर, म्हणजे एका चौकटीसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ, बहुतेक वेळा १/६० सेकंदावर असतो. या दोन गती जुळत नसल्याने एका चौकटीत उजेडाचा जास्त भाग येतो, पुढच्या चौकटीत कमी येतो आणि चित्र धडधडते. काही वेळा आडव्या पट्ट्याही सरकताना दिसतात.

मेनूत ५० आणि ६० किंवा पाल आणि एनटीएससी (दूरचित्रवाणीच्या अनुक्रमे ५० आणि ६० हर्ट्झच्या पद्धती) यांपैकी एक निवडण्याची सोय असेल, तर भारतात नेहमी ५० किंवा पाल ठेवावे. काही कॅमेऱ्यांत हा बदल करताना कार्ड फॉरमॅट करावे लागते, म्हणून आधीचे चित्रण उतरवून घ्यावे. परदेशात विकल्या जाणाऱ्या अनेक कॅमकॉर्डरमध्ये ही सोयच नसते. अशा वेळी शटर हाताने १/१०० सेकंदावर न्यावा. त्यामुळे प्रत्येक चौकटीत उजेडाचा एक पूर्ण हेलकावा येतो आणि लुकलुक थांबते. चित्र थोडे काळोखे होईल. खोलीत आणखी एक दिवा लावून ते भरून काढावे. उन्हात चित्रण करताना हा प्रश्न येत नाही.

स्वस्त एलईडी माळा आणि सजावटीचे दिवे यांची लुकलुक वेगळ्या कारणाने होते. त्यांची गती विजेच्या वारंवारतेशी जुळतेच असे नाही, त्यामुळे ५० आणि १/१०० ठेवूनही ती पूर्णपणे जाईलच असे सांगता येत नाही. मंडपाचा ठेका देतानाच मुख्य प्रकाशासाठी चांगल्या प्रतीचे दिवे मागणे, हा त्यावरचा अधिक खात्रीचा उपाय आहे.

लग्नात दोन कॅमेरे वापरले जाणार असतील, तर दोन्हींची गती एकच असावी. एकाचे ६० आणि दुसऱ्याचे ५० असे चित्रण एकत्र जोडले, की त्यांपैकी एक सतत अडखळते.

कॅमेऱ्यात फोरके आहे. सगळे चित्रण फोरकेमध्येच करावे का?

फोरके म्हणजे ३८४० × २१६० बिंदू, अर्थात फुल एचडीच्या चौपट. तपशिलाच्या दृष्टीने हा फरक खरा आहे. पण अनेक घरगुती कॅमकॉर्डर फोरकेमध्ये सेकंदाला २५ च चौकटी घेतात, आणि ५० चौकटी हव्या असल्यास फुल एचडीवर यावे लागते. त्यामुळे प्रत्येक प्रसंगात तपशील हवा की सलग हालचाल, हे ठरवावे लागते.

घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत, जुन्या वाड्याचे दरवाजे आणि तुळया, कासची फुले, कौटुंबिक गटाचे स्थिर चित्रण यांसाठी फोरके घ्यावे. खेळ, नाच आणि मिरवणूक यांसाठी फुल एचडी ५०पी घ्यावे. मंदिराचा गाभारा किंवा रात्रीचा गोंधळ यांसारख्या अंधाऱ्या प्रसंगी फोरकेचा फायदा बराचसा कमी होतो, कारण प्रकाश कमी पडला की चित्रात दाणेदारपणा येतो आणि वाढीव बिंदूंमध्ये तोच साठवला जातो. संगणक जुना असेल, तर आधी एका मिनिटाचे फोरके चित्रण त्यावर चालवून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा.

कार्डावर किती वेळाचे चित्रण मावते, आणि कार्ड कोणते घ्यावे?

हिशेब सोपा आहे. मेगाबिटच्या आकड्याला ८ ने भागले की सेकंदाला किती मेगाबाइट लागतात ते मिळते. २८ मेगाबिटला तासाला सुमारे १२.६ जीबी लागतात, १७ मेगाबिटला सुमारे ७.७ जीबी, ५० मेगाबिटच्या एक्सएव्हीसी एस या सोनीच्या स्वरूपाला सुमारे २२.५ जीबी, तर १०० मेगाबिटच्या फोरकेला सुमारे ४५ जीबी. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर पहिल्या प्रकारचे जवळजवळ पाच तासांचे चित्रण मावेल, पण शेवटच्या प्रकारचे दीड तासाचेही मावणार नाही. प्रत्यक्षात यापेक्षा थोडे कमीच धरावे.

कार्डावर लिहिलेला मोठा आकडा बहुतेक वेळा वाचनाचा कमाल वेग असतो. चित्रीकरणासाठी लेखनाचा किमान वेग महत्त्वाचा असतो. ‘क्लास १०’ किंवा ‘यू१’ ही खूण सेकंदाला किमान १० मेगाबाइटची हमी देते, तर ‘यू३’ किंवा ‘व्ही३०’ किमान ३० मेगाबाइटची. एव्हीसीएचडीसाठी क्लास १० भरपूर आहे. १०० मेगाबिटच्या फोरकेला सेकंदाला १२.५ मेगाबाइट लागतात, म्हणून तिथे यू३ कार्डच घ्यावे.

लग्नासाठी एक मोठे कार्ड घेण्याऐवजी दोन मध्यम आकाराची घ्यावीत, असा माझा आग्रह असतो. हळदी एका कार्डावर आणि लग्न दुसऱ्या कार्डावर असेल, तर एखादे कार्ड ऐन वेळी बिघडले तरी सगळे जात नाही. वापरण्यापूर्वी कार्ड संगणकावर फॉरमॅट न करता कॅमेऱ्यातच करावे.

एव्हीसीएचडी घ्यावे की एमपी४?

मोबाइलवर लगेच पाठवायचे असेल, तर एमपी४ सोयीचे आहे; पण अनेक कॅमेऱ्यांत एमपी४ चा बिटरेट मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणून आकडा पाहूनच निवडावे. एक्सएव्हीसी एस हे सोनीने २०१३ मध्ये आणलेले स्वरूप एमपी४ प्रकारच्याच फाइल तयार करते आणि त्याचा दर्जा उत्तम असतो. ते उपलब्ध असेल, तर मी एव्हीसीएचडीऐवजी तेच निवडेन.

एव्हीसीएचडी वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. कार्डावर ‘एमटीएस’ नावाच्या फाइलच तेवढ्या दिसतात म्हणून त्या उचलून बाकीचे फोल्डर पुसून टाकू नये. लांब चित्रणाचे कॅमेरा २ किंवा ४ जीबीचे तुकडे करतो, आणि ते तुकडे एकमेकांना कसे जोडायचे याची माहिती इतर फोल्डरांमध्ये असते. म्हणून कार्डावरचे सर्व काही जसेच्या तसे एका नव्या फोल्डरमध्ये उतरवावे. तसे केले नाही, तर भाषणाच्या मधोमध, एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो तिथे, आवाजाला धक्का बसल्याचे ऐकू येते.

हळदीच्या कार्यक्रमात चेहरे निळसर आणि फिके का येतात?

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचे रंगांचे संतुलन, आपोआप ठरण्यावर सोडल्यामुळे असे होते. समोर हळद लावलेली माणसे, पिवळ्या साड्या आणि झेंडूची फुले असली, की कॅमेऱ्याला वाटते, प्रकाशच पिवळा आहे. तो पिवळेपणा कमी करण्यासाठी तो चित्रात निळा रंग मिसळतो. परिणामी हळद फिकी दिसते आणि कातडीचा रंग जातो.

यावरचा उपाय म्हणजे पांढरा रंग हाताने ठरवून देणे. मेनूत ‘वन पुश’ किंवा तशा अर्थाचा पर्याय शोधावा, जिथे कार्यक्रम होणार आहे त्याच जागी साधा पांढरा कागद धरावा, चौकट कागदाने भरून टाकावी आणि बटण दाबावे. कागदाऐवजी टोपी किंवा धोतर वापरण्याचा मोह टाळावा, कारण नीळ दिलेले कापड डोळ्यांना पांढरे दिसले तरी त्यात निळी झाक असते. मांडव रंगीत कापडाचा असेल, तर कागद मांडवाच्या आतच धरावा. लाल-पिवळ्या कापडातून झिरपणारे ऊन सगळ्यांच्या अंगावर तोच रंग टाकत असते. वरात निघाली किंवा संध्याकाळी दिवे लागले, की हे पुन्हा करावे.

यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते. तिथे कोणती सेटिंग्ज ठेवावीत?

कराड तालुक्यातल्या पालीच्या खंडोबाची पौषातली यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ च्या गजरात आकाश पिवळे होते म्हणजे काय, हे सांगावे लागणार नाही. चित्रणाच्या दृष्टीने हा सर्वांत देखणा आणि कॅमेऱ्यासाठी सर्वांत कठीण प्रसंग आहे.

पहिली गोष्ट फोकसची. हवेतली भुकटी भिंगाच्या जवळून गेली, की स्वयंचलित फोकस तिच्यावर जातो, पुन्हा मागे येतो आणि चित्र सतत धूसर होत राहते. उधळण सुरू होण्यापूर्वी पालखीवर किंवा रथावर फोकस साधावा आणि तो हाताने कायम करावा. दुसरी गोष्ट दर्जाची : हवेत तरंगणारे लाखो कण म्हणजे अक्षतांचाच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणात, इथे सर्वांत वरचा बिटरेट आणि ५०पी यांवर तडजोड करू नये. तिसरी गोष्ट उजेडाची. दुपारच्या उन्हात पिवळा लोट समोर आला, की चौकट एकदम उजळते आणि त्या मागची माणसे सावल्यांसारखी दिसू लागतात. एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, आधीच माणसांच्या चेहऱ्यांवर ठरवून ठेवावे. व्हाइट बॅलन्स उन्हाच्या पर्यायावर ठेवावा. तो आपोआप ठरू दिला, तर भंडाऱ्याचे सोनेरीपण करडे होते.

कॅमेऱ्याच्या रक्षणाची तयारी घरीच करावी. भिंगावर पारदर्शक फिल्टर बसवावा. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर चढवून फिल्टरच्या कडेला रबरबँड लावावे आणि फक्त फिल्टरचा भाग उघडा ठेवावा. गर्दीत उभे राहून कार्ड किंवा बॅटरी बदलू नये, कारण झाकण उघडताच भुकटी आत जाते. म्हणून जाण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली आणि कार्ड रिकामे असावे. घरी आल्यावर फिल्टर आधी कपड्याने पुसू नये. रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारून कण उडवावेत आणि मगच मऊ कापड वापरावे, अन्यथा कण घासले जाऊन काचेवर बारीक चरे पडतात.

ढोल-ताशा किंवा डॉल्बी असेल तिथे आवाज फुटतो. कोणते सेटिंग बदलावे?

मेनूत मायक्रोफोनची पातळी ‘लो’ करण्याची किंवा हाताने ठरवण्याची सोय असते. मिरवणुकीत ती वापरावीच. पातळी आपोआप ठरत असली, की ढोलाचा एक ठोका पडताच कॅमेरा सर्व आवाज दाबतो आणि पुढचा क्षणभर शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकूच येत नाही. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभे राहून कोणत्याही सेटिंगने चांगला आवाज मिळत नाही. काही पावले बाजूला सरकणे हाच इलाज. फुटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

सज्जनगडावर, अजिंक्यताऱ्यावर किंवा कासवर वाऱ्याची घरघर टाळण्यासाठी ‘विंड कट’ सुरू करावे, पण घरात ते बंद करावे, कारण त्यामुळे पुरुषी आवाजातली जाडी कमी होते. ५.१ (सहा चॅनेलचा सराउंड आवाज) आणि दोन चॅनेल असा पर्याय असल्यास दोन चॅनेल निवडावेत. संपादनाच्या अनेक साध्या सॉफ्टवेअरना ५.१ नीट हाताळता येत नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपायच्या असतील, तर पंखा आणि फ्रिज बंद करावा आणि मायक्रोफोनची जोडणी असल्यास बाहेरचा माइक आजीच्या जवळ ठेवावा. अशा चित्रणात चित्र थोडे कमी प्रतीचे असले तरी चालते, पण ओवीचा शब्द ऐकू आलाच पाहिजे.

स्नेहसंमेलनात रंगमंचावरची मुले पांढरीफटक दिसतात. काय करावे?

१८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ जिथे रंगभूमीवर आणले, त्या सांगलीत शाळाशाळांमधून नाटके होतात आणि हा प्रश्नही तितक्याच वेळा येतो. सभागृह अंधारे आणि रंगमंच उजळलेला असला, की कॅमेरा सरासरी काढतो आणि अंधार भरून काढण्याच्या नादात चेहरे जाळून टाकतो. मेनूत ‘स्पॉटलाइट’ नावाचा पर्याय असेल, तर तो सुरू करावा. नसल्यास एक्सपोजर हाताने एक-दोन पायऱ्या खाली आणावे. चेहऱ्यावरचा तपशील दिसतो ना, एवढेच पाहावे; मागचा पडदा काळा झाला तरी हरकत नाही. ‘लो लक्स’ किंवा ‘ऑटो स्लो शटर’ बंद ठेवावे, कारण त्याने नाचणाऱ्या मुलांच्या हातापायांच्या रेघा ओढल्या जातात.

डिजिटल झूम आणि स्टेबिलायझेशन सुरू ठेवावे का?

डिजिटल झूम कायमचा बंद करावा. स्टेबिलायझेशन, म्हणजे हाताच्या थरथरीने चित्र हलू न देण्याची सोय, हातात कॅमेरा असताना सुरू आणि ट्रायपॉडवर असताना बंद ठेवावे.

तारीख आणि वेळ चित्रात छापावी का?

नाही. बहुतेक कॅमकॉर्डर तारीख आणि वेळ चित्रापासून वेगळी, माहितीच्या रूपात साठवतात आणि पाहताना ती हवी तेव्हा दाखवता येते. मात्र कॅमेऱ्यातले घड्याळ बरोबर असले पाहिजे. कॅमेरा महिनोन् महिने वापरात नसला, की आतली छोटी बॅटरी उतरते आणि घड्याळ मूळ तारखेवर जाते, म्हणून प्रत्येक कार्यक्रमापूर्वी ते तपासावे.

घरात मिनीडीव्ही टेप पडून आहेत. त्यांचे काय करावे?

शक्य तितक्या लवकर त्या संगणकावर उतरवाव्यात, कारण टेपपेक्षाही ती चालवणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत. मिनीडीव्हीमधील चित्रण मुळातच डिजिटल असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ते ७२० × ५७६ बिंदूंचे असून फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडणीच्या केबलने उतरवल्यास मूळ माहिती जशीच्या तशी येते. एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात. ‘जागा वाचते’ म्हणून ते थेट लहान फाइलमध्ये बदलून घेऊ नये. मूळ डीव्ही फाइल राखून लहान प्रत वेगळी करावी. ‘एलपी’मध्ये म्हणजे ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटे भरलेले चित्रण शक्यतो ज्या कॅमेऱ्याने घेतले त्यावरच चालवावे.

महाबळेश्वर, पाटण, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात ठेवलेल्या टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसू शकते. अशी टेप यंत्रात घालू नये. यंत्राचे टेप वाचणारे हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या टेपलाही ती लागते. आधी जाणकाराकडून ती साफ करून घ्यावी.

चित्रण वर्षानुवर्षे जपण्यासाठी काय करावे?

सांगलीकरांना हे वेगळे पटवून द्यावे लागू नये. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचे पाणी शहरात शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तर धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेले अल्बम, टेप आणि हार्ड डिस्क अशा वेळी एकत्रच जातात. दोन प्रती एकाच घरात असणे म्हणजे पुरासमोर एकच प्रत असण्यासारखे आहे.

म्हणून एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावी. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे द्यावी; कृष्णाकाठी राहणाऱ्यांचे कुणी ना कुणी विट्यात, जतमध्ये किंवा माणदेशात असतेच. दिवाळीला जाताना नवे चित्रण त्या डिस्कवर भरावे, ही सवय सोपी आहे. तिसरी प्रत क्लाउडवर ठेवता आली तर उत्तम. २८ मेगाबिटच्या तासाभराच्या चित्रणाला २० मेगाबिटच्या अपलोड वेगाने सुमारे दीड तास लागतो, म्हणून रात्री लावून ठेवणे व्यवहार्य ठरते.

कार्ड रिकामे करण्याची घाई करू नये. प्रती केल्यानंतर फाइलींची संख्या आणि आकार जुळतो का ते पाहावे, प्रत्येक डिस्कवरून काही फाइल शेवटपर्यंत चालवाव्यात आणि मगच कार्ड फॉरमॅट करावे. मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह ही कायम साठवणीची साधने नाहीत. वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिल्यास त्यांतली माहिती पुसट होऊ शकते. हार्ड डिस्कही अधूनमधून चालवून पाहाव्यात आणि काही वर्षांनी बदलाव्यात. फोल्डरचे नाव ‘२०२४-०५-१२ बारसे कराड’ असे वर्षापासून सुरू केले, तर ते आपोआप क्रमाने लागतात.

पूर्वी सगळ्यांना डीव्हीडी करून देत असू. आताही द्यावी का?

वडीलधाऱ्यांकडे प्लेअर असेल आणि त्यांना तीच सोय वाटत असेल, तर जरूर द्यावी, पण ती पाहण्याची प्रत म्हणून. व्हिडिओ डीव्हीडीवर चित्र पुन्हा ७२० × ५७६ बिंदूंवर येते, म्हणजे फुल एचडीतला बराचसा तपशील जातो. मूळ फाइलच डीव्हीडीवर डेटा म्हणून लिहायच्या असतील, तर ४.७ जीबीत १७ मेगाबिटचे जेमतेम ३५ मिनिटांचे चित्रण मावते. स्मार्ट टीव्ही असलेल्या घरी मूळ दर्जाच्या फाइल पेनड्राइव्हवर द्याव्यात. टीव्हीने एमटीएस फाइल उघडली नाही, तर चित्र पुन्हा दाबून न बदलता तिचे फक्त एमपी४ वेष्टन करणारे सॉफ्टवेअर वापरावे. पाहुण्यांसमोर त्याच संध्याकाळी दाखवायचे असेल, तर कॅमेरा एचडीएमआय केबलने थेट टीव्हीला जोडावा आणि कॅमेऱ्याचा चार्जर लावून ठेवावा.